चालत्या मशीनला हात

आमच्या वर्कशॉपात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. लिफ्टचे मेकॅनिक, वय बावन्न, आणि तोंडात सदा एकच पालुपद, ‘थांबा जरा’. म्हणून थांबाराव. हे नाव मीच ठेवलं. मी स्टोअर सांभाळतो. नट, केबल, बेअरिंग मोजून द्यायची आणि उरलेल्या वेळात लोकांची फिरकी घ्यायची, ही माझी नोकरी.

फिरकी घ्यायला थांबारावांइतकं सोयीचं गिऱ्हाईक नव्हतं. नवे बूट आणले की आठवडाभर घरातच घालून फिरायचे, मग रस्त्यावर. बायकोने घटस्फोट मागितला तेव्हाही म्हणे हे ‘थांबा जरा’ म्हणाले होते. ती थांबली नाही. मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली आणि तिथे दुसरं लग्न केलं. आम्ही यावरसुद्धा हसायचो. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

कामाला मात्र माणूस चोख. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडच्या एकाही लिफ्टमध्ये कोणाला खरचटलं नाही. एकदा दुसऱ्या एका मेकॅनिकने नीट चाललेली मशीन उगाच उघडली आणि चार बोटं गमावली. तेव्हापासून थांबारावांनी वर्कशॉपात एक रीत पाडली. चालत्या मशीनला हात घालायचा तर आधी तीन माणसांना विचारायचं, हे काम पूर्वी कोणी केलंय का, आणि काय झालं. विचारलेल्याने खरं तेच सांगायचं. आमचा वेल्डर एक नंबरचा थापाड्या, पण त्या प्रश्नाला तोही सरळ उत्तर द्यायचा.

त्यांची मुलगी चौदा वर्षांची. बापलेकीची भेट म्हणजे रविवारी दुपारी तासभर कॉम्प्युटरवरचा गेम, बाकी काही नाही. त्यासाठी त्यांनी जुन्यातला गेमिंग कॉम्प्युटर घेतला होता, आत लाल दिवे लागणारा. मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि चौथे थांबाराव, अशी टीम. बाकीच्या तिघी लढायच्या, आणि हे मागून औषधांची पेटी घेऊन पळायचे. सोमवारी चहाला येऊन सांगायचे, “काल पोरीला दोनदा वाचवलं.” सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला बघवत नसे. माझा मुलगा माझ्याच घरात राहतो आणि माझ्याशी बोलत नाही.

एका रविवारी गेमवर सूचना आली. पुढच्या महिन्यापासून जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा गेम चालणार नाही, नवी टाकून घ्या. मुलगी त्यांना म्हणाली, “बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक बटण तर दाबायचंय.”

सोमवारी थांबाराव माझ्या खिडकीशी उभे. “कॉम्प्युटर छान चाललाय हो. चालत्याला हात घालायचा म्हणजे... तुम्ही केलंय का कधी हे?”

हा कुठला प्रश्न आहे हे मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, “माझ्या भाच्याने केलं. सकाळी टाकली, दुपारी स्क्रीन काळी. आतलं सगळं गेलं. अजून माळ्यावर पडलाय तो कॉम्प्युटर.”

मला भाचाच नाही.

ते वेल्डरकडे पोचायच्या आत मी वेल्डरला डोळा मारला. त्याच्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरमधून म्हणे धूर आला. मग तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाई. त्या जरा घुटमळल्या, पण आम्ही दोघं मागे उभे होतो. त्यांच्या मुलाचा कीबोर्ड अर्धा बंद पडला. थांबारावांनी तिन्ही उत्तरं खिशातल्या वहीत टिपून घेतली आणि तिघांचे आभार मानले. ते गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो.

एक तारीख उलटली. ते मुलीला म्हणाले, थोडे दिवस जाऊ दे, इतरांचं काय होतंय ते बघू. तीन रविवार त्यांनी गेमच्या वेळेला फोन केला. दोनदा ती म्हणाली, “बाबा, नंतर बोलू, मॅच चालू आहे.” तिसऱ्यांदा म्हणाली, “तुला नसेल जमत तर राहू दे.”

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. “राहू दे असं ती कधी म्हणत नाही. मी टाकतो सिस्टिम, बिघडली तर बिघडली. पण रविवारी तुम्ही याल का? एकट्याने बटण दाबवणार नाही.”

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी मजा बघायला गेलो.

एक खोली, एक खाट, एक टेबल. थांबाराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बटण दाबल्यावर मात्र उठले आणि पंचवीस मिनिटं स्क्रीनसमोर उभेच राहिले. काही झालं नाही. धूर नाही, काळोख नाही. सगळं जागच्या जागी उघडलं. त्यांनी घाईघाईने गेम लावला.

“बाबा? झालं तुझं?” मुलीचा आवाज आला.

“झालं, झालं. येऊ का आत?”

“अरे, पण आम्ही चौघं झालोय. काका आहे ना आता.”

काका म्हणजे तिच्या आईचा नवरा. तो सभ्यपणे म्हणाला, “नमस्कार. मी बाहेर पडतो, तुम्ही या.”

थांबारावांनी खुर्ची पुढे ओढली.

“नको काका, तू थांब,” मुलगी म्हणाली. “शेवटच्या फेरीत आहोत. आता माणूस बदलला तर पहिल्यापासून खेळावं लागेल. बाबा, तू बघत बस ना.”

“हो, हो. खेळा तुम्ही.”

या गेममध्ये बाहेरच्याला नुसतं बघता येतं. आतलं सगळं ऐकू येतं, पण फेरी सुरू झाली की बघणाऱ्याचा आवाज आत जात नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात माइकच्या चित्रावर लाल काट मारलेली होती. मला दिसत होती. थांबाराव मुलीकडे बघत होते.

“डावीकडे हो, बाळा. भिंतीच्या आड. घाई नको करू.” ते बोलतच होते. मुलगी जखमी झाली, काकाने पट्टी केली, ती ‘थँक्स’ म्हणाली. हे म्हणाले, “शाब्बास. आता हळूच पुढे.” असं तासभर चाललं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही.

मॅच त्यांनी जिंकली. आत ओरडा झाला, मग एकेक जण निघून गेला. थांबारावांनी घाम पुसला आणि माझ्याकडे वळून हसले.

“बघितलंत ना? डावीकडेच गेली. ऐकते पोरगी माझं.”

“हो,” मी म्हणालो.