तुस्कानोंचं मुंबई दर्शन

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मी नागपूरची. त्यामुळे कुणी 'आमच्या मुंबईत' असं वाक्य सुरू केलं की माझं डोकं फिरतं. जणू बाकीचा महाराष्ट्र म्हणजे मुंबईचं मागचं अंगण. लॉरेन्स तुस्कानो दिवसातून वीस वेळा 'आमच्या मुंबईत' म्हणायचा. तो स्वतः वसईचा, पण हे त्याला सांगायची सोय नव्हती. अशा माणसाशी माझं जमायला नको होतं. पण इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला, त्याचं घर माझ्यापासून दोन दारं सोडून, आणि माझ्या पहिल्या हिवाळ्यात न विचारता माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून गेला तो हाच. त्यानंतर भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

लॉरेन्स एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होता. ते पोटासाठी. त्याचं खरं काम मुंबई दर्शन. सुट्टीवर इंडियाला निघालेला मंडळातला कुणीही, त्याचा गोरा बॉस, त्या बॉसची बहीण, सगळ्यांना तो चार पानी प्लॅन हातानं लिहून द्यायचा. गेटवेला किती वाजता पोचायचं, म्युझियमला किती वेळ पुरतो, राणीच्या बागेत हत्तीसमोर किती मिनिटं उभं राहायचं, सगळं त्यात असायचं. एलिफंटाची लेणी सोमवारी बंद, हे लाल पेनानं आणि खाली दोन रेघा. कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटाबद्दल तर खास सूचना होती : 'मोठ्या माणसांनी आत शिरू नये. अडकल्यास मदत लवकर मिळत नाही.'

आणि नुसता प्लॅन देऊन तो थांबायचा नाही. माणूस परत आला, जेट लॅगनं डोळे लाल झालेले, की दुसऱ्या दिवशी लॉरेन्स फॉर्म घेऊन दारात हजर. काय पाहिलं, किती वेळ, किती आवडलं, पाचपैकी मार्क द्या. या फॉर्मांवरून त्यानं बेसमेंटच्या भिंतीवर मोठा तक्ता रंगवला होता. दर वर्षाला एक रांग, प्रत्येक स्थळाला एक रंग. शेअर बाजारवाले नसतील बघत इतक्या काळजीनं तो त्या तक्त्याकडे बघायचा.

"रश्मीताई, राणीचा बाग सलग तिसऱ्या वर्षी खाली आलाय," तो मला सांगायचा. घरातलं कुणीतरी आजारी असल्यासारखा चेहरा करून.

"भाऊ, तुमच्याकडे एकूण अकरा कुटुंबांचे फॉर्म आहेत."

"पण ट्रेंड बघा ना."

ट्रेंड मात्र खरेच मजेदार होते. दोन हजार तीनपर्यंत मंडळी निमूटपणे गेटवे, हँगिंग गार्डन, मत्स्यालय करून यायची. दोन हजार पाचपासून मुलं म्हणायला लागली, आम्हाला मॉलमध्ये न्या. इथे मिसिसागात मॉल, तिथे जाऊन पुन्हा मॉल! गेटवेसमोर उभं राहून एका कार्ट्यानं बापाला सांगितलं होतं, "डॅड, इट्स जस्ट अ गेट." लॉरेन्सनं तो फॉर्म मला दोनदा वाचून दाखवला. दोन हजार सातला गोऱ्या पाहुण्यांना झोपडपट्टी बघायची टूर हवी झाली. तेव्हा तो खरंच भडकला. "माणसं राहतात तिथे! तो काय राणीचा बाग आहे?" आणि दोन हजार नऊला सी लिंक सुरू झाला. मग काय, सगळ्यांना पुलावरून गाडी न्यायची होती. एक कुटुंब टॅक्सीनं तीनदा गेलं आणि तीनदा परत आलं. दुसरं काहीच पाहिलं नाही आणि पाचपैकी पाच मार्क दिले.

लॉरेन्सची बायको आन्ना हे सगळं ऐकत शांतपणे जेवण करायची. आन्ना एका नर्सिंग होममध्ये कामाला होती आणि घरी फारसं बोलायची नाही. प्लॅन पाकिटात घालून त्यावर नाव लिहिणं एवढं तिचं काम. मुलगी जॉयस दहा वर्षांची असताना ते इथे आले. आता ती चोवीस वर्षांची, हॅलिफॅक्सला नोकरीला होती आणि तिथल्याच ऍलन नावाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली होती. लग्न जानेवारीत, वसईला, चर्चमध्ये. ऍलनचे वडील गॉर्डन सोबत येणार होते.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी लॉरेन्स माझ्या दारात आला. हातात फॉर्म नव्हता, तेव्हाच मला शंका आली.

"रश्मीताई, एक सांगायचंय. कन्फेशनला फादरसमोरसुद्धा बोललो नाही."

मी मनात म्हटलं, गेला हा माणूस. काहीतरी भानगड केली.

"मी एलिफंटाला कधी गेलेलो नाही."

"बस, एवढंच?"

"म्युझियमलाही नाही. हँगिंग गार्डनही नाही. राणीचा बागही नाही." मग जरा थांबून, "म्हातारीचा बूटसुद्धा बाहेरूनच. टॅक्सीतून."

मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. सतरा वर्षं हा माणूस बॅलार्ड पिअरजवळच्या एका गोडाउनमध्ये नोकरी करत होता. खिडकीतून एलिफंटाच्या बोटी दिसायच्या. पण कधीही जाता येईल म्हणून तो कधीच गेला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. सगळं ज्ञान एका जुन्या पर्यटन पुस्तिकेतलं आणि आम्हीच भरून दिलेल्या फॉर्मांतलं. आमचीच मुंबई तो आम्हाला परत विकत होता!

"मग काय बिघडलं? कोण विचारून राहिलं तुम्हाला?"

"जॉयस म्हणते, पहिल्या दिवशी गॉर्डनला एलिफंटाला मीच न्यायचं." त्यानं टोपी काढून हातात धरली. "आणि तिला मी सांगितलंय की ती दोन वर्षांची असताना मी तिला कडेवर घेऊन तिथल्या सगळ्या पायऱ्या चढलो होतो. तिच्या पायातला बूट समुद्रात पडला होता."

"पडला होता?"

"काय पडतोय! इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ती रोज रात्री रडायची. वसई पाहिजे, आजी पाहिजे. काहीतरी गोष्ट सांगायची म्हणून सांगितली. तिनं ती शाळेत निबंधात लिहिली. आता ती ऍलनला दाखवणार आहे, बूट कुठे पडला ते."

इथे माझं हसू थांबलं. हा माणूस जगाशी खोटं बोलला त्याचं मला काही वाटलं नाही, जगाची तीच लायकी आहे. पण पोरीच्या लहानपणातली सगळ्यांत गोड आठवण ह्यानं घडवलेली होती, आणि ती उघडी पडली तर तिला काय वाटेल या भीतीनं तो पांढराफटक झाला होता. मला त्याची फार दया आली. दया आली की मी मूर्खासारखी वागते, तशी वागले. म्हटलं, "चला, प्रॅक्टिस करू."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रोसरी स्टोअरच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही मुंबई मांडली. शॉपिंग कार्ट ठेवतात तो पिंजरा म्हणजे गेटवे. दिव्याचा खांब म्हणजे बोटीचं तिकीटघर. पलीकडे स्नोप्लावनं लोटलेला बर्फाचा ढीग म्हणजे एलिफंटा बेट. मी गॉर्डन. लॉरेन्स पुढे चालत मोठ्यांदा सांगत होता, "प्लीज होल्ड युअर बॅग, सर!" आणि मी पर्स छातीशी धरून बर्फातून त्याच्यामागे. बोटीचा प्रवास तासाभराचा असतो, म्हणून आम्ही लॉटला आठ फेऱ्या मारल्या.

चौथ्या फेरीला सिक्युरिटी गार्डनं अडवलं. राजन नावाचा, मुंबईतच वाढलेला निघाला. "आप लोग ये क्या कर रहे हो?" मी खरं ते सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "गेटवे पे फेरीवाला तो चाहिए ना? वो मैं बनता हूँ." मग पाऊण तास तो मला एक अदृश्य भलामोठा फुगा विकत होता. नको म्हटलं तरी मागे लागायचा. अगदी अस्सल काम! शेवटी मी चिडून मराठीत ओरडले, तर लॉरेन्स म्हणाला, "रश्मीताई, गॉर्डन असं बोलणार नाही."

पुढच्या शनिवारी जॉयस, ऍलन आणि गॉर्डन हॅलिफॅक्सहून आले. आन्नानं डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंदेल आणि फुगे केले होते. फुगे म्हणजे वसईकडचे तळलेले गोल गोडसर पाव. मला बोलावणं होतं ते कामासाठी : गाडी एलिफंटावर आली की मी विषय बदलायचा.

गॉर्डन हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीवर तीस वर्षं काम केलेला माणूस. त्यानं बसल्या बसल्या विचारलं, तिथल्या बोटी कशा आहेत? आणि काय सांगू, लॉरेन्स सुटला! लाकडी बोटी, दोन मजली, भरतीला धक्क्यापासून किती वर येतात, पावसाळ्यात कशा हेलकावे खातात. सतरा वर्षं खिडकीतून पाहिलेलं सगळं. खोटं अक्षर नाही. गॉर्डन खाणं विसरून ऐकत होता. मला वाटलं, वाचलो.

तेवढ्यात जॉयसनं बुटाची गोष्ट काढली. ऍलनचा हात धरून, डोळे चमकवत. "ही कॅरीड मी ऑल द वे अप. एव्हरी सिंगल स्टेप!"

मी ताबडतोब म्हटलं, "विंटर टायर्स बदलले का तुम्ही?" कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गॉर्डननं कौतुकानं लॉरेन्सला विचारलं, किती पायऱ्या होत्या?

लॉरेन्सनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या प्लॅनमध्ये 'पायऱ्या पुष्कळ' एवढंच होतं. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. ती ऍलनला लागली.

"वन ट्वेंटी," आन्ना म्हणाली. ती फुग्यांचं ताट घेऊन उभी होती. "अबाउट वन ट्वेंटी. मंकीज आर व्हेरी बॅड. टुक माय ग्वावा."

गॉर्डन हसला. सुटका झाली होती. लॉरेन्सनं नुसती मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटत होतं. पण तो बायकोकडे बघतच राहिला आणि मराठीत म्हणाला, "तुला कसं माहीत?"

जॉयस इंग्लिशमध्ये उत्तरं देत असली तरी मराठी तिला पक्कं कळत होतं. तिनं ऍलनचा हात सोडला. "डॅड? यू वर देअर. यू कॅरीड मी."

लॉरेन्सनं मान खाली घातली. "नाही गं. मी कधीच गेलो नाही. तू रडत होतीस म्हणून सांगितलं."

"अँड द शू?"

"बूट नव्हता."

जॉयसचे डोळे भरले. मला वाटलं, आता ती उठून जाणार. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. त्याच्या ताटातला एक फुगा उचलून खायला लागली. गॉर्डन विचारत होता काय झालं म्हणून, पण कुणी त्याला सांगितलं नाही.

"तू आजीकडे होतीस तेव्हा, वसईला," आन्ना तिला म्हणाली. "मी एकटी गेले होते. डॅड नेतो म्हणायचा, आणि दर रविवारी पुढचा रविवार व्हायचा. मग एकदा गुरुवारी डबा भरला आणि गेले. घरी सांगितलं नाही. उगाच कशाला."

चौदा वर्षं ही बाई ते प्लॅन, ते फॉर्म, तो तक्ता बघत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. मी असते तर पहिल्याच प्लॅनला ओरडले असते.

लॉरेन्सनं वर पाहिलं. ज्यानं अर्ध्या ब्रॅम्पटनला एलिफंटा समजावून सांगितलं होतं, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "कसं आहे गं ते?"

आन्नानं त्याच्या ताटात इंदेल वाढलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण एकटीनं बघायची जागा नाही ती."