एकतीस थेंब

घड्याळजींच्या बायकोच्या हातांना भेगा पडायला लागल्या त्याला दोन वर्षं उलटली होती. आधी बोटांची पेरं, मग तळवे, मग थेट मानेपर्यंत. दुकानात डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू बसवणारे घड्याळजी तिच्या उशीवरचे रक्ताचे ठिपके बघितले की हतबल व्हायचे. मलमं झाली, गोळ्या झाल्या, पथ्यं झाली. बायको सुरुवातीला चेष्टा करायची, की सापासारखी मी कात टाकतेय. पुढे चेष्टाही थांबली.

अशात मेव्हणा म्हणाला, तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानेच कातडी सोलवटते. बादल्यांवर पांढरी पुटं होतीच. बुडत्याला काडीचा आधार. घड्याळजींनी पाणी तपासायची पेटी आणली. बाटलीत रेघेपर्यंत पाणी घेऊन रंगाचे दोन थेंब टाकले तशी गुलाबी झाक आली. आता ती निळी होईपर्यंत दुसऱ्या औषधाचे थेंब मोजायचे. बऱ्या पाण्याला चार-पाच पुरतात. यांच्या पाण्याने एकतीस खाल्ले. घड्याळजींना चक्क हायसं वाटलं. दुखण्याला निदान आकडा तरी मिळाला.

पहिला विक्रेता पाइपला चुंबकाची पट्टी बांधून गेला. पुन्हा मोजलं, तर एकतीसच. घड्याळजींनी पट्टी सोडून त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्याच्या सॉफ्टनरमध्ये, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या यंत्रात, बारीक मणी होते. ते पाण्यातला क्षार धरून ठेवायचे आणि मिठाच्या पाण्याने धुतले की पुन्हा कामाला लागायचे. दोन माणसांना रोज किती पाणी लागतं, मणी कितव्या दिवशी धुवायचे, घड्याळजींनी खोदून खोदून विचारलं. मेव्हणा म्हणाला, आमच्या बहिणीला बघायला आलात तेव्हा एवढे प्रश्न नव्हते विचारलेत. यंत्रातून येणाऱ्या पाण्यात मिठाचा अंश उतरतो आणि बायकोला रक्तदाब, म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ मात्र जुन्याच पाण्यावर ठेवला.

यंत्र बसलं. पहिल्याच थेंबाला पाणी निळं. साबणाचा फेस मावेना. पंधरा दिवस बायको बरी झोपली. तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुन्हा ठिपके उमटले.

घड्याळजींनी मग सकाळ-संध्याकाळ पाणी मोजायचा सपाटाच लावला. न्हाणीघरातलं, टाकीतलं, बादलीतलं. यंत्र बिघडलेलं निघावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मेकॅनिकला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो यंत्र ठणठणीत आहे म्हणून सांगून गेला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, की पाण्याने त्रास वाढला असेल, पण आजार पाण्याचा नव्हताच. आता इंजेक्शनं सुरू करू, पण हमी देत नाही.

तरी त्या संध्याकाळी ते बाटली घेऊन नळापाशी वाकलेच. बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, पाणी बरं झालंय. मी नाही झाले. ठेवा ती बाटली."

घड्याळजींना उठता येईना. थेंब टाकायचं थांबवलं, तर तिच्यासाठी आपण करायचं तरी काय?

"माझी वेणी घालून द्या," ती म्हणाली. "बोटं मिटत नाहीत आज."

ती पाटावर बसली. त्यांनी उभ्या जन्मात वेणी घातली नव्हती. दोनदा सुटली. तिसऱ्या वेळी ती पेड कसे घ्यायचे ते सांगत राहिली आणि घड्याळजी, मानेवरच्या जखमेला बोट लागू नये म्हणून श्वास रोखून, एकेक पेड ओढत राहिले.