सावकाशची व्हॅन

सायलेन्सरची नळी आतून पुसून काढली तर तपासणीत धूर कमी भरेल, ही कल्पना सर्वस्वी मेहुण्याची. तपासणी केंद्राबाहेर रांग होती, व्हॅन बंद करून उभी होती, दाजी कागदपत्रं घेऊन खिडकीपाशी गेले होते आणि मेहुणा रिकामा होता. मेहुणा रिकामा असला की काहीतरी घडतं, हे त्याच्या घरच्यांना तो रांगायला लागला तेव्हापासून ठाऊक होतं. त्याने खिशातला रुमाल काढला, एका काडीला गुंडाळला, नळीत घातला आणि गरागरा फिरवला. काडी बाहेर आली. रुमाल आला नाही.

आता हे दाजींना सांगावं की नाही, यावर त्याचा विचार चालू असतानाच नंबर लागला.

तपासनीस हा निळा कोट घातलेला आणि चेहऱ्यावर काहीही न ठेवणारा माणूस होता. यंत्राची नळी लावायच्या आधी गाडी दोन-तीनदा जोरात रेस करायची, ही त्याची पद्धत. त्याने रेस केली. व्हॅन आधी गुदमरली, मग खोकली, मग बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि रुमाल, पाठोपाठ पावशेर काजळी, थेट मागच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर जाऊन बसली. गाडीतल्या बाईंनी शांतपणे वायपर सुरू केला. त्यामुळे काजळी सगळीकडे सारखी लागली.

“रुमाल कुणाचा?” तपासनिसाने विचारलं.

मेहुण्याने आपले खिसे चाचपून पाहिले, जणू त्यालाही तोच प्रश्न पडला होता.

दाजींनी व्हॅनमधलं फडकं काढलं आणि त्या बाईंची काच पुसायला घेतली. आधी कडा, मग कोपरे, मग मध्य. काच कुणाचीही असो, मळलेली त्यांना बघवत नसे.

मग रीतसर तपासणी झाली. आकडा पासष्टच्या आत यायला हवा होता, ब्याण्णव आला. तपासनिसाने कागदावर शिक्का उमटवला. “दहा दिवस. अजून एकदाच आणता येईल. तेव्हाही नाही झाली, तर नंबरप्लेट इथे जमा करायची आणि गाडी भंगारात.”

“बरं,” दाजी म्हणाले आणि कागदाची चार घड्यांची पुडी करून वरच्या खिशात ठेवली.

दाजी म्हणजे मेहुण्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा काचेचा. घरांच्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या काचा मापून कापायच्या, नेऊन बसवायच्या. बावीस वर्षं हीच व्हॅन. तिच्या पोटात त्यांनी स्वतः एक तिरकी लाकडी चौकट बसवलेली, तिला जुन्या ब्लँकेटचं अस्तर. माणसाहून उंच काच त्या चौकटीत अशी उभी राहायची, की जागेवर पोचेपर्यंत तिला आपण घरातून निघालोय हे कळायचं नाही. नव्या व्हॅनची छतं बुटकी. ही चौकट त्यांत मावत नाही, हे दाजी दोनदा टेप घेऊन खात्री करून आले होते. मोठी काच डोक्यावरून नेता येत नाही. म्हणजे व्हॅन गेली की धंदा गेला, आणि तोही शाळेच्या बेचाळीस खिडक्यांचं काम हातात असताना.

व्हॅनच्या मागच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘काच आहे. सावकाश.’ सूचना मागच्या गाड्यांना होती, पण गल्लीने ती नाव म्हणून उचलली. दाजींना सगळे ‘सावकाश’ म्हणत. नाव चपखल होतं. चाळिसाच्या वर व्हॅन गेलेली कुणी पाहिली नव्हती. दाजी खड्ड्यात गाडी घालत नसत. खड्ड्याला वळसा घालून, त्याची विचारपूस करून पुढे जात. घरातही कप बशीत ठेवताना आवाज होत नसे. मेहुणा ह्याच्या नेमका उलट. त्याचं लग्न-कार्यातसुद्धा पाण्याच्या ग्लासापर्यंतच स्वागत असे, आणि तोही स्टीलचा. दुकानात तर त्याला बंदीच होती. दुकानामागे फुटक्या काचांची पोती साठत. वर्षातून एकदा ती काच वितळवणाऱ्या कारखान्यात जात. त्यांतलं दारालगतचं पोतं ‘मेहुण्याचं’ म्हणून ओळखलं जाई. बंदी त्यानंतर आली.

नापास व्हॅन घेऊन दाजी फिटरकाकांकडे गेले. काकांनी फिल्टर बदलला, ऑइल बदललं, नोझल साफ केले, मग बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले.

“हिला रोग काही नाही,” ते म्हणाले. “हिला कुणी चालवलेलंच नाही.”

“काका, बावीस वर्षं चालवतोय मी.”

“चालवत नाहीस, जोजवतोस! इंजिन धड तापतच नाही तुझं, तर काजळी जळणार कशी? साठून बसलीय सगळी. मागे चांगलं वजन टाक, हायवेला काढ, तिसऱ्या गिअरात अर्धा तास पाय दाबून ठेव. ओरडू दे तिला. घसा मोकळा होईल.”

“ओरडू दे?” दाजींनी विचारलं. शाळेच्या बेचाळीस खिडक्यांवर दगड मारून ये, असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “तुम्हीच न्या ना, काका.”

“डोळ्याच्या ऑपरेशननंतर मला बायको सायकल देत नाही, तू हायवे देतोस?”

घरी हे ऐकून ताई पोट धरून हसली. “बरोबर बोलले काका! अरे, पोरीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा ह्याच व्हॅनमधून नेलं मला. खड्डा आला की वळसा, वळण आलं की ब्रेक. दवाखान्याच्या फाटकातच झाली पोरगी! मी ओरडतेय, ‘अहो, आत काच नाहीये, मी आहे!’”

“तू काचेपेक्षा कमी आहेस का?” दाजी जेवता जेवता म्हणाले.

ताईने त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

तिसऱ्या दिवशी दाजी मेहुण्याला शेजारी बसवून हायवेला गेले. मागे वजन म्हणून वाळूची पोती टाकली होती. तिसरा गिअर पडला, काटा चाळिसावर आला आणि तिथेच थांबला. चौकटीचा एक स्क्रू कुरकुरला. दाजींचा पाय आपोआप वर आला.

“दाजी, मागे वाळू आहे.”

“माहितीये.”

“मग?”

“पायाला माहिती नाही.”

पुन्हा प्रयत्न. पुन्हा स्क्रू, पुन्हा पाय. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. एक ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला, आणि वर बसलेल्या माणसाने काही मदत हवीय का असं हाताने विचारलं.

“मी चालवू का?” मेहुण्याने विचारलं.

दाजींनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. मेहुण्याने खिडकीबाहेर पाहिलं.

आठव्या दिवशी दाजी दुकानात टेबलावर शाळेच्या खिडक्यांची मापं पसरून नुसते बसले होते. कापायला हात उचलत नव्हता; कापून न्यायच्या कशातून? रुमालाबद्दल अजून धड माफीही मागितली नाही, हे मेहुण्याला डाचत होतं. तो बंदी विसरून दुकानात शिरला. “दाजी, मला जरा बोलायचंय,” म्हणून त्याने आदराने छत्री काखेत मारली, आणि छत्रीचं टोक भिंतीला टेकवलेल्या काचेच्या बरोबर मध्यभागी गेलं.

आवाज संपायला बराच वेळ लागला. मेहुणा छत्री तशीच धरून उभा राहिला. हलला तर आणखी काहीतरी जाईल, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

दाजी उठले. झाडू आणला. तुकडे गोळा करून मागच्या दारी नेले, मेहुण्याच्या पोत्यात ओतले. खळ्ळकन आवाज झाला. ते पोत्याकडे बघत राहिले. मग वाकून पोतं दोन्ही हातांनी धरलं आणि गदगदा हलवलं. असं काही करताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“इकडे ये,” ते म्हणाले. “वाळू उतरव. ही चढव. सगळी.”

चौदा पोती चढली. व्हॅन मागून दबली. हायवेला लागल्यावर दाजींनी तिसरा गिअर टाकला. पहिल्याच खड्ड्याला मागे असा खळखळाट झाला की मेहुण्याने कानांवर हात ठेवले. दाजींचा पाय उचलला गेला, क्षणभर अधांतरी राहिला आणि खाली गेला. पार तळापर्यंत.

व्हॅन ओरडली. मागे काळाकुट्ट ढग सुटला. एक मोटारसायकलवाला त्यात शिरला आणि बाहेर आला तो दुसराच कुणी वाटत होता.

“काही फुटतंय का?” मेहुणा ओरडला.

“काही उरलंय का फुटायला?” दाजीही ओरडले.

अर्धा तास त्यांनी पाय काढला नाही. ढग काळ्याचा करडा झाला, करड्याचा विरळ झाला, आणि शेवटी आरशात नुसता रस्ता दिसू लागला. दाजींनी इंजिन बंदही न करता व्हॅन तशीच तापलेली तपासणी केंद्रावर घातली.

तपासनिसाने मागे डोकावून पाहिलं. “काय आहे हे?”

“काच,” दाजी म्हणाले.

तपासनीस मेहुण्याकडे वळला. मेहुण्याने न विचारता दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

यंत्र लागलं. व्हॅन रेस झाली. एकदा, दोनदा, तीनदा. दाजी यंत्राकडे पाठ करून उभे होते. त्यांनी बोटाने स्वतःच्याच चष्म्याची काच पुसायला घेतली होती, जे ते कधीच करत नसत, कारण त्याने डाग पडतो.

“त्रेसष्ट,” तपासनीस म्हणाला आणि शिक्का उचलला.

परतीच्या वाटेवर चौदाही पोती कारखान्यात उतरवली. व्हॅन रिकामी झाली आणि दाजींनी दुसरा गिअर टाकला. संध्याकाळ व्हायला बराच अवकाश होता आणि ह्या वेगाने घरी पोचेपर्यंत ती होणार, हे स्पष्ट होतं. दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी सायकलवरून त्यांच्या पुढे निघून गेली.

मेहुण्याला राहवेना. “दाजी, असंच जोजवत राहिलात तर पुढच्या वर्षी पुन्हा काजळी साठेल. पुन्हा हायवेला न्यावी लागेल. आणि फुटक्या काचा तर आपण सगळ्या देऊन आलो. तेव्हा मागे काय भरणार?”

दाजींनी एक खड्डा येताना पाहिला, त्याला नीट वळसा घातला आणि म्हणाले, “तू दुकानात येत जा.”