तिसरी हाक

"दाबा ना बाई, एंटर दाबा!" मी वैतागून ओरडलो.

रामटेके बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाई दाबत. मले काय मरायचं हाये?"

मी तेव्हा चंद्रपूरला जंगलाच्या कडेला असलेल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होतो, तोही प्रोबेशनवर. नागपूरच्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही हॉरर गेम बनवत होतो. भूतबंगला वगैरे काही नाही, साधं लाकूड डेपोचं ऑफिस. टेबल, कपाट, करकरणारा पंखा. खेळणारा म्हणजे तिथला बाबू. काम करता करता लाइट जातो आणि मागून हाक येते, "बाबूऽऽ!" एंटर दाबला की बाबू 'ओ' देऊन मागे वळतो, आणि भूत! नाही दाबला तर गेम तिथेच अडतो.

टेस्टिंग म्हणजे गेम लोकांच्या हाती द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवून बघायचं. मला यातलं दुसरं कधीच जमलं नाही. शेजारच्या लाकूड डेपोतल्या क्लार्क रामटेके बाई आणि ड्रायव्हर शेख भाऊंना मी जेवणाच्या सुट्टीत बोलावलं होतं.

"काऊन नाई दाबत, बाई?"

"एका हाकेले ओ देते का कोणी? जंगलातलं काही असलं मंग?"

"अहो, हा कम्प्युटर आहे!"

"कम्प्युटर ठेवला कुठी हाये? जंगलातच ना?"

मग शेख भाऊ बसले. हाक आली. त्यांनी हाताची घडी घातली. "तीनदा बलावते तो माणूस. त्याच्या आत बलावते ते दुसरंच. आपुन थांबून राह्यलो, भाऊ." चहा आला, चहा संपला, शेख भाऊ थांबूनच.

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात आमचे साहेब आत आले. "उद्या सीडी नागपूरला जाते. एकही माणूस भुतापर्यंत पोचत नसेल, तर तू आपल्या गावी, सावलीला जा आणि तुझ्या काकाची राइस मिल सांभाळ."

मिलच्या कोंड्याने मला दम लागतो.

"गेम बरोबर आहे, साहेब. तुम्हीच खेळून बघा."

साहेब मूळचे राजुऱ्याचे, पण पुण्यात शिकलेले आणि तसंच बोलणारे. ते बसले. "बाबूऽऽ!" त्यांचं बोट एंटरपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"दाबा, साहेब."

"दाबतो ना! घाई काय हाये तुले?"

गेलं पुणं! हसू दाबताना माझ्या लक्षात आलं, की ती हाक मी स्वतःही रोज स्पीकर बंद करूनच तपासत होतो.

मग मी डोकं चालवलं. बाकी कोड तोच ठेवला, फक्त हाक तीनदा वाजेल असं केलं. संध्याकाळी हातापाया पडून बाईंना पुन्हा बसवलं. पहिली हाक, बाई गप्प. दुसरी, गप्प. तिसरी आली.

"हां, माणूसच हाये," म्हणत बाईंनी बिनधास्त एंटर दाबला.

बाप रे, काय ती किंकाळी! बाई एकीकडे, खुर्ची दुसरीकडे. "लबाडा! तिसऱ्या हाकेले भूत येतच नाई! हे भुताचं काम नोहे, तुयंच काम हाये!" शेख भाऊ दारातूनच परत फिरले.

सीडी वेळेवर गेली, मी पर्मनंट झालो. घाबरवायचं असेल तर माणसाचा भरवसा कशावर आहे ते आधी विचारावं, एवढं मी शिकलो. डेपोवाले त्याहून जास्त शिकले. त्यांचे साहेब केबिनमधून घसा कोरडा होईस्तोवर ओरडत, आणि चौथी हाक आल्याशिवाय रामटेके बाई जागच्या हलत नसत.