पेवातला कोळसा

कोळसेमामांचे धुतलेले हात कुणी पाहिले असतील तर त्यानं खुशाल पुढं यावं. मी चार वर्षं त्यांच्या शेजारी राहिलो, मला ते भाग्य लाभलं नाही. मामींनी तर त्यांना दुधाच्या भांड्याला शिवायची बंदीच घातली होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस, एसटीचा भरवसा नाही. पिंगळीजवळच्या त्या गावात विज्ञानाचा मास्तर म्हणून मी पोचलो तो चालतच. बघतो तर गावाला विज्ञान शिकवायला माणूस आधीच हजर! मामा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून तेलाच्या डब्यात कोंबत, झाकण मातीनं लिंपत आणि डबा आगीत ठेवत. तो कोळसा राखेच्या पाण्यात भिजवून पुन्हा भाजत. दोनदा भाजला की त्याची तहान वाढते, हे त्यांचं शास्त्र.

तहान पेवातल्या हवेची. ज्वारी साठवायच्या त्या खोल खड्ड्यात विषारी वायू कोंडतो. मामांचा धाकटा भाऊ दगडू घाईनं पेवात उतरला, तो जिता वर आलाच नाही. तेव्हापासून कुणाचंही पेव उघडलं की मामा कोळशाची टोपली दोरीला बांधून तिथं. तासभर ती खालीवर करायची, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस आत. कुणी घाई केली की म्हणायचे, "कोळसा पिऊ लागलाय, पिऊ दे त्याला."

मी बीएस्सी, मला कुठला धीर! कोळसा तो वायू शोषतो हे खरं; पण टोपलीभर कोळशानं अख्ख्या पेवाचं काय होणार? एका पेवात मी रिकामीच टोपली तासभर खालीवर केली. कंदील झकास जळला. काम होत होतं ते हवा हलल्यानं. उद्या चावडीवर सगळ्यांना सांगतो, असं मी मामांना मोठ्या ऐटीत म्हणालो.

मामा टोपलीची दोरी गुंडाळत म्हणाले,

"मास्तर, मला कळत न्हाई व्हय? पर दगडूला मी नुसतंच थांब म्हणलो व्हतो. त्यो थांबला न्हाई. कोळसा आत हाय म्हणलं की लोकं तासभर बसतेत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर लोकांनी विचारलंच, मामांच्या कोळशात काही दम आहे का? मी म्हणालो, शंभर टक्के आहे. भर गावात एवढं धडधडीत खोटं मी पुन्हा बोललो नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

पुढं माझी बदली झाली, मामाही गेले. पण ते होते तोवर त्या गावात पेवानं दुसरा माणूस नेला नाही.