गाडी उद्या येणार नाही

घोळ माझ्या हातून पुष्कळ झालेत. पण फुलांची अख्खी गाडी रिकामी परत पाठवणारी बहुधा मी एकटीच असेन. आधी ऐका, मग हसा.

तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे आले होते, पण इंटरनेटसाठी सायबर कॅफेतच जावं लागायचं. नाशिकच्या आसपासच्या फूलवाल्या शेतकऱ्यांच्या गटाची वेबसाइट मी सांभाळायचे. विकी होती ती. गटातलं कुणीही त्यात लिहू शकायचं. लिहिलेल्याच्या फाइल्स, आणि कुणी केव्हा काय बदललं याचा इतिहास, सर्व्हरवर साठायचा. त्या फाइल्सची पानं बनवायचा माझ्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम. तो प्रत्येक पानाखाली छापायचा: शेवटचा बदल, अमुक तारीख.

माझा कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला, सर्व्हरवरून सगळ्या फाइल्स उतरवल्या, प्रोग्राम चालवला. पानं झकास आली, ती साइटवर चढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथअण्णांचा फोन. अण्णा म्हणजे गटाचे प्रमुख, मखमलाबादला त्यांचा गुलाब.

"अगं, आज मुंबईची गाडी नाय ना?"

"कोण म्हणालं?"

"वेबसाइट म्हणती. 'उद्या गाडी येणार नाही, फुलं तोडू नका.' खाली कालची तारीख. कॅफेवाल्यानं सगळ्यांना फोन केले, कुणी तोडली नाय. आन् हा ड्रायव्हर गाडी घेऊन माझ्या दारात उभा."

मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "अण्णा, मी रोजच येतो ना."

"तू थांब जरा. ती बघतीये."

मी बघितलं. सूचना दोन वर्षांपूर्वीच्या ट्रक संपातली, कुणी काढलीच नव्हती. इतिहासात तारीख जुनीच, पानावर मात्र कालची. एका फाइलला दोन तारखा कशा? गट स्थापन झाल्याचं पानसुद्धा कालचंच! कुणी हॅक केलं म्हणावं, तर पासवर्ड बदलूनही तेच. कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं, बरोबर होतं. शेवटी वैतागून सगळं पुसलं आणि फाइल्स पुन्हा उतरवल्या.

आता सगळ्या पानांवर आजची तारीख.

तासाभरात अण्णांचा फोन. "म्हंजे आता उद्याबी नाय का?"

हाच प्रोग्राम वापरणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "फाइल उतरवली की तिच्यावर उतरवल्याची तारीख बसते, प्रोग्राम तीच छापतो. इतिहासातली तारीख घे, असं त्याला एकदा सांगावं लागतं. प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. एका ओळीच्या आज्ञेनं सगळ्या तारखा जागेवर आल्या. तोवर ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन गेला होता आणि अण्णांचे गुलाब झाडावरच उमलून वाया गेले होते.

मग मी साइटवर नवी सूचना टाकली आणि स्वतः एकेकाला फोन केले. चांदशीच्या मथुरामावशींना म्हटलं, "मावशी, उद्या गाडी नक्की येणार. फुलं तोडा."

"वेबसाइटवर टाकलंय का?"

"हो, मोठ्या अक्षरात टाकलंय."



"मंग ऱ्हाऊ दे बाई. मी ड्रायव्हरलाच इचारते."