गोमाबाईंचा गळा आणि बळीरामकाकांचा राग

श्री. बळीरामकाका कऱ्हाळे यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात सगळे गोड लिहितील. मला ते जमणार नाही. त्यांची माझी ओळखच मुळी त्यांनी मला सुनावलेल्या बोलांनी झाली, आणि ते बोल रास्त होते.

मी सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावात शिक्षक आणि तिथल्या भजनी मंडळाचा सचिव. मंडळाकडे जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर आहे. शेजारच्या तांड्यावरच्या गोमाबाई राठोड वर्षानुवर्षे त्यावर गात आल्या. पुढे पुढे त्यांचा आवाज माइकवर फाटू लागला. मंडळाने ठरवले, बाईंचे वय झाले. त्यांनी आता मागे बसून टाळ धरावेत. निरोप मीच दिला. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, घरी गाते तवा न्हाई फाटत. इथंच काहून फाटतो?" मी टाळ पुढे केले.

अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणत होता, म्हणून तो काकांच्या औंढ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. म्हणालो, "नुसती गुणगुण काढा. आमच्या बाईंचा गळा गेलाय, त्याला काही इलाज नाही."

काकांनी मान वर केली. "गळा तुमी कशानं तपासला?"

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर उघडला. आत एका कागदी कपॅसिटरचे मेण ओघळले होते. "ह्याचं काम, विजेचा दाब अडवायचा अन् नुसता सूर पुढं सोडायचा. म्हातारा झाला की हा दाब गळू देतो. मग पुढचा व्हॉल्व्ह तापतो अन् मोठा सूर आला की आवाज फाटतो." मीटर लावून त्यांनी ती गळती मला दाखवली आणि मंडळात कोण कसे गाते ते विचारून घेतले. "तुमी बाकीचे दबून गाता, तुमचं झाकून जातं. बाई मोकळ्या गळ्यानं गातात, म्हणून त्यांचाच फाटला. वय झालं डब्याचं अन् उठवलं बाईला!"

त्यांनी गोमाबाईंना बोलावून घेतले. आधी जुन्या कपॅसिटरवर गायला लावले. मग तो काढून नवा, प्लास्टिक फिल्मचा बसवला. माइक तोच, पद तेच. एक ओळ होताच बाई थांबल्या. "हा माझाच हाय का?"

"तुमचाच व्हता, बाई."

आमच्या अध्यक्षांना हे कळवले तर ते हसून म्हणाले, "चला, डब्याचंच निघालं. घेऊन या." काकांनी अ‍ॅम्प्लिफायर द्यायला साफ नकार दिला. "आधी तांड्यावर जाऊन बाईची माफी मागा."

"तांड्यावर? आमी?" अध्यक्षांचे हे दोन शब्द आठवले की आजही माझे डोके तापते. मोठ्या घरातला कुणी गात असता, तर आम्ही पहिल्याच दिवशी अ‍ॅम्प्लिफायर बदलला नसता का?

सप्ताह भाड्याच्या सेटवर उरकला, तरी काका हलले नाहीत. शेवटी मंडळातले आम्ही तिघे तांड्यावर गेलो. गोमाबाईंनी चहा दिला, आमचे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "येईन. पण मागं न्हाई बसणार." काकांनी अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याच हाती सोपवला. आज त्या पुढे बसून गातात. अध्यक्ष मात्र गेले नाहीत ते नाहीतच. ते या गौरव समितीतही आहेत. हे त्यांनी वाचावे, म्हणूनच लिहिले.

तेव्हापासून मी रविवारी काकांच्या दुकानात सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकतो. एकदा शहरातले, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे एक शौकीन आले. जुने कागदी कपॅसिटर काढून काकांनी आवाजातला गोडवा घालवला, असे ते ऐकवू लागले. काकांनी त्यांना पाठमोरे बसवले आणि चांगल्या स्थितीतले दोन वेगळ्या जातीचे कपॅसिटर आलटून पालटून लावले. त्यांना एकदाही बरोबर ओळखता आले नाही. काका म्हणाले, "जातीनं फरक पडतो, पण उलिसा. गळक्यानं मात्र माणसाचा आवाजच दुसरा होतो. आधी गळती बघा, मग जात इचारा."

काकांना शंभरी लाभो, हात स्थिर आणि कान शाबूत राहोत. आणि त्यांचा राग कधी निवू नये, कारण आमच्यासारख्यांना त्याची गरज अजून संपलेली नाही.